दुवा मिळाला, पावला नाही

आमचं कोकम देवरुखच्या बाजारपेठेत सगळे ओळखतात. संगमेश्वर स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'कोकमवाल्यांकडे' म्हटलं की तो दारात आणून सोडतो. वाटेत आमच्या वडिलांच्या स्वभावाविषयी दोन गोष्टी सांगतो, त्यातली एक खरी असते. पोस्टमन पिनकोड नसलेलं पाकीट न कुरकुरता आणून देतो. आम्हाला न ओळखणारा एकच जण आहे, आणि हल्ली सगळं जग पत्ता विचारायला नेमकं त्याच्याकडेच जातं. मी शोधयंत्राविषयी बोलतोय.

कोणत्या शोधयंत्राविषयी, ते सांगणार नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्याच कारणासाठी : अजून त्याच घरात नांदायचं आहे.

तक्रार लहान आहे. आमची एक वेबसाइट आहे. दुसऱ्यांच्या साइटवरून तिच्याकडे येणारे दुवे मी स्वतः, चष्मा लावून, मोजले. चौदा भरले. शोधयंत्राच्या खात्यात मात्र सात दिसतात. त्या सातांत माझ्या चौदांपैकी फक्त एक आहे. उरलेले सहा कोण आहेत, ते पुढे येईल.

'दुवा' हा शब्द मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा आवडला होता. म्हातारीला एस्टीत चढायला हात दिला की मिळतो, तोच असेल असं वाटलं. भाचा म्हणाला, हा वेगळा. दुसऱ्याच्या पानावर आपला पत्ता असा ठेवायचा की त्यावर बोट टेकवलं की माणूस आपल्याकडे येतो. असे दुवे जितके जास्त आणि देणारा जितका वजनदार, तितकं आपलं पान वर. मी म्हटलं, "म्हणजे वशिला." तो म्हणाला, "मामा, त्याला अथॉरिटी म्हणतात."

वशिल्याला माझी हरकत नाही. ज्या देशात रेशनकार्डावर नाव चढवायलाही कुणाच्या तरी मेव्हण्याची चिठ्ठी लागते, तिथे वाढलोय. माझी तक्रार एवढीच, की आमच्याकडे वशिला आहे आणि तो चालत नाही.

या युक्तीचे जनक स्टॅनफर्ड विद्यापीठातले दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन. १९९६ साली त्यांनी जे पहिलं यंत्र चालवलं त्याचं नाव होतं 'बॅकरब', म्हणजे पाठ चोळून देणे. पुढे १९९८ मध्ये त्याची गूगल कंपनी झाली. मोजण्याच्या पद्धतीला पेजरँक म्हणतात. त्यातलं 'पेज' म्हणजे पान असं मी बरेच दिवस समजत होतो, ते आडनावही आहे. एखाद्या विद्वानाचा उल्लेख इतर किती जणांनी आपल्या निबंधांत केला, यावरून त्याची पत ठरते. तीच रीत त्यांनी पानांना लावली. विद्वानांत ही रीत कशी चालते, ते मला आमच्या प्राध्यापक मेव्हण्यामुळे जवळून माहीत आहे. तो ज्या तिघांचा उल्लेख करतो, ते तिघे त्याचा करतात. ही युक्ती नंतर थोड्याफार फरकाने सगळ्याच शोधयंत्रांनी उचलली, त्यामुळे नाव न घेता सगळ्यांविषयी एकदम कुरकुरता येतं.

त्यांच्या १९९८च्या लेखात एक काल्पनिक माणूस आहे. तो एका पानावरून दुसऱ्या पानावर, दिसेल त्या दुव्यावरून पुढे पुढे जात राहतो. मागे कधी फिरत नाही. शेवटी कंटाळतो आणि भलत्याच पानावर जाऊन पडतो. गणितात याचा आकडा साधारण ०.८५ धरतात. म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा तो दुवा धरून जातो आणि पंधरा वेळा कंटाळतो. असा माणूस या भटकंतीत ज्या पानावर वरचेवर सापडेल, ते पान मोठं. आमच्या बाजारपेठेतही अशा प्रकारचे एक गृहस्थ आहेत. पण त्यांच्यावरून कुणी दुकानांची पत ठरवत नाही. त्यांना चहा देतात.

आता माझे चौदा. सगळे सांगत बसत नाही.

पहिला दुवा गावच्या देवस्थानाचा. त्यांच्या साइटवर उत्सवाच्या देणगीदारांचं पान आहे, त्यात आमचं नाव दुव्यासकट आहे. पण तो दुवा आमच्या जुन्या पत्त्याचा. साइटचा पत्ता आम्ही विकत घेतला होता. निदान पैसे भरताना तरी आम्ही तसं समजलो होतो. विकत घेतलेली वस्तू दरवर्षी नव्याने विकत घ्यायची असते ही पद्धत कोकमात नाही, त्यामुळे लक्षात आलं नाही. मुदत संपली, पत्ता सुटला, तो कुणीतरी उचलला, आणि आता तिथे रमी चालते. पत्ता गेला, पत्ते आले. देवस्थानाच्या पानावर आमच्या नावावर बोट ठेवलं की भाविक थेट जुगाराच्या फडावर पोचतो. विश्वस्तांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बदल करायचा तर सभेत ठराव लागेल, आणि सभा शिमग्यानंतर. शिमगा होऊन गेला. सभेत पालखीच्या मार्गावरून वाद झाला आणि आमचा विषय ऐनवेळच्या विषयांत राहिला. या दुव्याबाबत शोधयंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. जुन्या, प्रतिष्ठित, धार्मिक संस्थेचं हे सगळं वजन सध्या रमीच्या वहीत जमा होत असणार.

दुसरा एका दैनिकाचा. पुरवणीत आमच्यावर अर्ध पान आलं होतं, फोटोसकट. फोटोत मी रातांबा हातात धरून त्याच्याकडे पाहतोय. फोटोग्राफरने तसं सांगितलं होतं. लेखाच्या शेवटी साइटचा पत्ता छापला होता. पण नुसता छापला होता. इंटरनेटवरच्या आवृत्तीतही तो साध्या अक्षरांतच राहिला, त्यावर बोट टेकवून काही होत नाही. ई-पेपरमध्ये तर अख्खं पान हे एक चित्रच असतं. कात्रण लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावलंय. येणारा प्रत्येक जण ते वाचतो. शोधयंत्र दुकानात येत नाही.

तिसरा दुवा ठाण्याच्या शाळूसोबत्याचा. त्याने मनापासून दिला आणि नीट दिला, म्हणजे सरबताच्या साध्या पानाचा न देता आगळाच्या पानाचा दिला. आगळ आणि सरबत यांतला फरक कळणारी माणसं ठाण्यात अजून आहेत, याचा मला अभिमान वाटला. पण त्या पानाचा पत्ता आम्ही हौसेने देवनागरीत ठेवला होता. देवनागरी पत्ता नकलून दुसरीकडे चिकटवला की त्यातल्या एकेका चिन्हाची नऊ नऊ अक्षरं होतात. कानामात्राही सुटत नाही. 'कोकम-आगळ' या एवढ्याशा शब्दाची ६४ अक्षरं होतात आणि त्यांत टक्क्याची चिन्हं २१ असतात. एवढे टक्के आमच्या पतपेढीच्या व्याजपत्रकातही नाहीत. मित्राने चिकटवताना ही शेपटी मध्येच कुठेतरी तुटली. आता त्या दुव्यावरून आलेल्या माणसाला 'हे पान अस्तित्वात नाही' अशी पाटी दिसते. मातृभाषेचा अभिमान बाळगल्याची ही शिक्षा आहे असं मी म्हणणार नाही. पण आमच्या समोरच्या दुकानदाराने पत्ता इंग्रजीत ठेवलाय आणि त्याचं बरं चाललंय.

चौथा गुहागरच्या मावसभावाचा. त्याचं पाहुण्यांसाठी घर आहे. त्याने त्याच्या साइटवर लिहिलं, 'आमच्याकडच्या सोलकढीचं कोकम इथलं'. मी माझ्या साइटवर लिहिलं, 'गुहागरला गेलात तर इथे उतरा'. दोन्ही वाक्यं खरी आहेत. तर नियमावलीत लिहिलंय, की 'तू मला दुवा दे, मी तुला देतो' हा प्रकार अति झाल्यास गैर धरला जाईल. अति म्हणजे किती, हे दिलेलं नाही. ज्या घरात शेजारणीकडून आलेली वाटी कधी रिकामी परत गेली नाही, त्या घरातल्या माणसाने ही मर्यादा कशी ओळखायची? आमची आई तर साखर नसली तर वाटीत चार आमसुलं टाकायची. तिला हा नियम वाचून दाखवला असता तर तिने विचारलं असतं, हे लोक हळदीकुंकू करतात तरी कसं?

पाचवा समुद्रापलीकडचा. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला आम्ही दहा किलो आमसुलं पाठवली. त्यांनी आमचं नाव प्रायोजकांच्या पानावर दुव्यासकट घातलं आणि दुव्याच्या पोटात, माणसाला दिसणार नाही अशी, एक चिठ्ठी खोचली : 'प्रायोजित'. त्यांची चूक नाही, तसाच नियम आहे. पैसे किंवा वस्तू देऊन मिळालेल्या दुव्यावर तसं लिहावंच लागतं, आणि तसं लिहिलं की तो शिफारस म्हणून धरला जाईल याची खात्री राहत नाही. या चिठ्ठ्यांचं मूळ जानेवारी २००५ मध्ये आहे. लोकांच्या पानांखाली औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती चिकटवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून 'नोफॉलो', म्हणजे 'याच्या मागे जाऊ नये', ही खूण काढली. २०१९ मध्ये तिला दोन धाकटी भावंडं झाली, 'प्रायोजित' हे त्यांतलं एक. त्याच वर्षी असंही जाहीर झालं, की ही खूण म्हणजे यापुढे हुकूम नाही, नुसती सूचना आहे. मानायची की नाही ते यंत्र ठरवेल. आमच्या बाबतीत त्याने मानली असावी.

सहावा, सातवा आणि आठवा समाजमाध्यमांवरचे. त्यांवर बहुधा 'नोफॉलो'ची चिठ्ठी आपोआप खोचलेली असते. पुढे जाऊ.

आणि ज्या दुव्यांवर आमचा धंदा खरोखर चालतो, ते तर मी चौदांत धरलेलेच नाहीत. अंधेरीला माझी एक मावशी आहे. ती तीन सोसायट्यांच्या, दोन भिशीमंडळांच्या आणि एका भजनीमंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. दर मार्च महिन्यात ती आमच्या साइटचा पत्ता सगळीकडे पाठवते आणि खाली लिहिते : 'माझ्या भाच्याचं आहे. भेसळ निघाली तर मला सांगा.' गेल्या हंगामातली निम्मी गिऱ्हाइकं तिचीच. तिच्या या वाक्याइतकी जबाबदारीची शिफारस मी दुसरी पाहिली नाही. तिच्यात तक्रारनिवारणाचीही सोय आहे. पण ग्रुपमधलं बोलणं बंद दाराआडचं, शोधयंत्राला ते दिसत नाही. मावशीची अथॉरिटी शून्य. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं कुणी, यावर घरात विचार चालू आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला दुसरीकडून कळेल. नवी साइट बांधून होईपर्यंत अर्धवट पानं जगाला दिसू नयेत, म्हणून एक लहानसा चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण केली की शोधयंत्राला वाचता येईल अशी पाटी पानाच्या माथ्यावर लागते : याची नोंद करू नये. साइट पुरी झाली की खूण काढायची. भाच्याची तेव्हा परीक्षा होती. मग मे महिना आला. पावसाच्या आत रातांबे उतरवायचे, फोडायचे, सालं रसात बुडवून वाळवायची, वाळली की पुन्हा बुडवायची. या दिवसांत आमच्याकडे माणसं जेवणाची वेळ विसरतात, तिथे चौकोन कोण आठवणार? खूण अकरा महिने राहिली. अकरा महिने दुकानाला आतून कडी होती आणि आम्ही सगळे पायरीवर बसून गिऱ्हाईक का येत नाही याची चर्चा करत होतो. यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी, की शोधयंत्राने आमचं बिनबोभाट ऐकलेलं हे एकमेव म्हणणं. 'येऊ नका' म्हटलं, ते एकदाही आलं नाही. 'या' म्हटल्याला आता सात महिने झाले.

'या' म्हणण्यासाठी एक बटण आहे. ते दाबलं की आपलं पान रांगेत घेतल्याचं कळवतात. खाली बारीक टाइपात असतं, की पुन्हा पुन्हा दाबल्याने रांगेतला क्रमांक बदलणार नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याने उमेदवारी आमच्या तहसील कचेरीत केली असावी. आमची एकूण एकोणीस पानं. त्यांतली आठ नोंदली गेली. उरलेल्या अकरांसमोर जो शेरा आहे त्याचा मराठीत अर्थ : 'पाहिले, तूर्त नोंदवलेले नाही'. कचेरीत कागदावर नुसतं 'पाहिले' लिहून खाली सही ठोकतात, हे मला ठाऊक होतं. कॅलिफोर्नियाच्या हवेतही तेच सुचतं, हे नवीन होतं. अकरांत 'आमच्याविषयी' हे पान आहे. म्हणजे आमच्याविषयी पाहिले, आणि नोंदवण्यासारखं काही आढळलं नाही.

शिवाय आपलं पान नोंदून भागत नाही. दुवा देणाऱ्याचं पानही नोंदलेलं असावं लागतं. उरलेल्या दुव्यांपैकी चार अशा सज्जनांचे आहेत की ज्यांच्या स्वतःच्याच पानांसमोर 'पाहिले' लिहिलंय. त्यांची सही आमच्या कागदावर चालायची कशी? चारित्र्याचा दाखला देणाऱ्याला आधी स्वतःचा दाखला आणायला पाठवलंय.

एक दुवा मात्र धरला गेला, असं सुरुवातीला म्हटलं होतं. तो पुण्याच्या एका ताईंचा. त्या पाककृती लिहितात आणि त्यांना वाचकवर्ग मोठा आहे. सोलकढीची कृती लिहून शेवटी त्यांनी आमचं कौतुक केलं : आगळ मी ज्यांच्याकडून मागवते त्यांच्यासाठी इथे क्लिक करा. यात दुवा फक्त शेवटच्या तीन शब्दांवर आहे. आता यंत्राची रीत अशी, की दुवा ज्या शब्दांवर असेल त्या शब्दांवरून समोरच्या पानाचा विषय काय, याचा ते अंदाज बांधतं. हे मी मनाचं सांगत नाही. इंग्रजीत नुसतं 'इथे क्लिक करा' एवढंच शोधलं तर कित्येक वर्षं अडोबी कंपनीचं, दस्तऐवज वाचायचं सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचं पान पहिलं येत असे. कारण जगभरच्या लोकांनी त्या पानाला त्याच शब्दांनी दुवा दिला होता. २००३ मध्ये काही लोकांनी ठरवून 'दयनीय अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सरकारी चरित्रपानाला दुवे दिले. त्या पानावर ते शब्द कुठेही नव्हते, तरी शोधलं की ते पान पहिलं. दुरुस्त व्हायला २००७ उजाडलं. अध्यक्षांची ही गत, तर आमची काय कथा? शोधयंत्राच्या खात्यात 'लोक तुम्हाला कोणत्या शब्दांनी ओळखतात' असा एक रकाना आहे. त्यात आमच्यापुढे एकच नोंद आहे : इथे क्लिक करा. तीन पिढ्यांचा धंदा आहे आमचा.

राहिले ते सहा. हे कोण, कुठले, आम्हाला माहीत नाही. दोन जण भिंतीवर लावायच्या चित्रांचे व्यापारी आहेत. त्यांनी आमच्या साइटवरून उन्हात पसरलेल्या सालींचा फोटो उचलला आणि 'लाल गुलाब पाकळ्या' अशा नावाखाली ठेवला. तिसरा जगातल्या सगळ्या साइटची किंमत सांगतो. आमची आठ डॉलर सांगितली आहे. चौथ्याच्या पानावर कोणती भाषा आहे ते भाच्यालाही ओळखता आलं नाही. पाचवा आणि सहावा बहुधा एकच माणूस असावा. या सहांनाच शोधयंत्राने आमचे नातेवाईक म्हणून लावून घेतलंय. अशांशी संबंध तोडायची सोयही आहे. गूगलने ती ऑक्टोबर २०१२ मध्ये काढली. एका साध्या फायलीत नावं लिहून द्यायची, की या मंडळींचा आमच्याशी काही संबंध नाही. थोडक्यात, वर्तमानपत्रात बिघडलेल्या मुलाविषयी देतात तसली जाहीर नोटीस. बिंगकडेही अशी सोय होती, ती त्यांनी २०२३ मध्ये बंद केली. पण सोबत सल्ला असतो की बहुतेकांना या नोटिशीची गरज नसते आणि चुकीचं नाव गेलं तर आपलंच नुकसान होतं. मी नोटीस दिली नाही. सातातले सहा तोडले तर घरात राहणार कोण?

या सगळ्याची कुणकुण कशी लागते कोण जाणे, पण मला रोज सकाळी एक ईमेल येतं. 'प्रिय सर किंवा मॅडम, तुमच्या साइटचं परीक्षण केलं आणि दुःख झालं.' २,९९९ रुपयांत पाच हजार दुवे. मी विचारलं, हे पाच हजार लोक आमचं आगळ पिऊन बघणार का? उत्तरात पाचशे रुपये कमी केले. भाच्याने थांबवलं. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाची मोहीम काढून असे विकतचे दुवे जमवणाऱ्यांना खालच्या पानांवर ढकललं होतं, आणि २०१६ पासून तो पेंग्विन कायमच्या नोकरीत आहे, असं त्याने समजावलं. विकतचे दुवे यंत्राला लगेच ओळखू येतात म्हणे. फुकटचे येत नाहीत.

तेव्हा एक विनंती. वाचकांपैकी कुणाचं स्वतःचं पान असेल, ते नोंदलेलं असेल, आणि आमचं कोकम खाऊन तुमचं मत बरं झालं असेल, तर कृपया दुवा द्या. देताना 'इथे क्लिक करा' लिहू नका, 'देवरुखचं कोकम' लिहा. आगळाच्या पानाचा देणार असाल तर पत्ता शेवटच्या टक्क्यापर्यंत नकलून घ्या. बदल्यात आमच्याकडून दुवा, वस्तू किंवा पैसे यांतलं काहीही मिळणार नाही. देवरुखला आलात तर सरबत मिळेल. त्याचा दुव्याशी काही संबंध नाही, हे इथेच लेखी देऊन ठेवतो.